घरची निर्मिती आणि हक्काचे धनी

दूरचित्रवाणीवरील मालिका एकदा पडद्यावरून सरकून गेली, म्हणजे तिचे आयुष्य संपले असे प्रेक्षकाला वाटते. वस्तुतः तिचे मोठे उत्पन्न पुष्कळदा तेथूनच सुरू होते. अमेरिकेत ही गोष्ट ल्युसिल बॉल आणि डेझी अर्नाझ या नटदांपत्याने फार लवकर ओळखली. १९५१ साली 'आय लव्ह ल्युसी' ही मालिका फिल्मवर उतरवण्याचा त्यांनी हट्ट धरला. वाढीव खर्चापायी आपल्या वेतनात कपात सोसली, आणि बदल्यात त्या फिल्मची मालकी स्वतःकडे ठेवली. सीबीएस या प्रक्षेपण संस्थेने ती देऊन टाकली. एकदा दाखवलेला खेळ पुन्हा कोण पाहणार? पुढे तीच मालकी परत मिळवण्यासाठी सीबीएसला लक्षावधी डॉलर मोजावे लागले.

त्यानंतर प्रक्षेपण संस्था शहाण्या झाल्या, जरा जास्तच. बाहेरच्या निर्मात्याची मालिका घ्यायची, तर तिच्या मालकीत वाटा मागायचा, असा प्रघात पडला. मोठ्या संस्था तीनच. निर्मात्याने दाद मागावी कोठे? अखेर १९७० साली तेथील सरकारी दळणवळण आयोगाने नियम केला की, या संस्थांनी बाहेरच्या मालिकांत आर्थिक हितसंबंध ठेवू नयेत आणि जुन्या मालिका गावोगावच्या केंद्रांना विकण्याचा धंदाही करू नये. महाराष्ट्रात कुळकायद्याच्या काळी 'कसेल त्याची जमीन' असे म्हणत. या नियमाचा सूर काहीसा तसाच होता. सीबीएसला आपला विक्रीविभाग १९७१ साली वेगळा काढून द्यावा लागला. त्याचे नाव व्हायकॉम. घराबाहेर काढलेले हेच पोर २००० साली घराचे धनी झाले, हा दैवाचा विनोदच!

१९९३ साली हे निर्बंध बहुतांशी सैल झाले आणि १९९५ पर्यंत संपले. मग घरच्या निर्मितिसंस्थेला नवे महत्त्व आले. परक्याची मालिका लोकप्रिय झाली की तो भाव वाढवतो. 'ईआर' या इस्पितळातील मालिकेसाठी एनबीसीने १९९८ साली वॉर्नर ब्रदर्सला दर भागामागे सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर कबूल केले! घरची मालिका असती, तर एका खिशातले दुसऱ्या खिशात गेले असते. शिवाय नव्या मालिकेचा तोटा सोसण्याची तयारी घरच्या संस्थेला ठेवता येते. २००० साली 'सीएसआय' या मालिकेतून डिस्नेच्या टचस्टोन संस्थेने ऐन वेळी अंग काढून घेतले. सीबीएसच्या निर्मितिसंस्थेने कॅनडातील अलायन्स अॅटलांटिसला जोडीस घेऊन ती तडीस नेली.

परंतु विकणारा आणि घेणारा एकाच छपराखाली आले, म्हणजे भाव ठरवायचा कोणी? नट, लेखक यांना नफ्यात वाटा असतो, आणि नफा तर विक्रीच्या किमतीवर अवलंबून. 'एक्स-फाइल्स'चा नायक डेव्हिड डुकोव्हनी याने १९९९ साली हाच मुद्दा न्यायालयात नेला. फॉक्सने मालिकेचे जुने भाग आपल्याच वाहिनीला स्वस्तात दिले आणि त्यामुळे आपला वाटा बुडाला, अशी त्याची तक्रार होती. दावा पुढे आपसात मिटला. तेव्हा रास्त किंमत कोणती, याचा निवाडा न्यायाधीशांना करावा लागला नाही.