हवेतली बॅट

भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराला धागा ताणलाय की सैल, ते बोट लावताच कळते. हातवारे करून खेळायच्या व्हिडिओ-खेळांत हाताला हे उलट जाणवणेच नसते.

२००६ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'वी' हे यंत्र आणले. हातातली कांडी फिरवली की पडद्यावरची रॅकेट फिरते. त्यातला गोळा घरंगळवून दहा खुंट्या पाडायचा खेळ झकास साधला, आजी-आजोबाही रमले. गोळा सुटला की हाताचे काम संपते ना! टेनिसचे तसे नव्हे. कांडीला हाताचा झटका कळे, हात नेमका कुठे आहे ते कळत नसे. मग पोरे कोचावर बसून नुसत्या मनगटाने जिंकू लागली. २००९ मध्ये कांडीला जोडयंत्र देऊन ही उणीव पुष्कळशी भरून काढली.

२०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा 'किनेक्ट' आला. त्यात कांडीच नाही. कॅमेरा खेळणाराचे अंग पाहतो. पण समोर सहाएक फूट मोकळी जागा हवी. दहा बाय दहाच्या खोलीत, खाट आणि शिलाई-यंत्र सांभाळून, ती आणायची कुठून? २०१७ साली त्याचे उत्पादन थांबले.

मुंबईच्या ट्राइन गेम्सने 'मूव्ह स्ट्रीट क्रिकेट' काढला. सोनीची कांडी हीच बॅट. पण चेंडू बॅटीवर बसल्याचा दणका कोपरापर्यंत येत नाही, आणि धावेसाठी पळावे लागत नाही.

गुरुजनहो, शाळेत असे यंत्र असेल, तर पावसाळ्यात खुंट्यांचा खेळ जरूर लावा. क्रिकेटसाठी मात्र मैदान वाळेपर्यंत थांबा.