स्वागताध्यक्षांचे मनोगत: झोताला बाजूने पाहताना



या नारायणगावाजवळच, खोडदच्या शिवारात, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या उभ्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा परिसर निवडला, कारण इथे रेडिओ गोंगाट कमी होता. गॅमा किरणांची परिषद रेडिओ दुर्बिणीच्या दारात का, असे काहींनी विचारले. याचे उत्तर विषयातच, म्हणजे रेडिओ दीर्घिकांच्या गॅमा किरणांतच, आहे.

ब्लाझार प्रकारच्या दीर्घिकेच्या गाभ्यातून निघणारा वेगवान कणांचा झोत आपल्या दिशेने रोखलेला असतो, म्हणून तो कैकपट प्रखर दिसतो. रेडिओ दीर्घिकेचा झोत बाजूला वळलेला असतो. त्यामुळे फर्मी या गॅमा दुर्बिणीच्या यादीत ब्लाझार हजारोंनी, तर रेडिओ दीर्घिका अगदी थोड्या आहेत. तरीही मला त्या अधिक मोलाच्या वाटतात. झोताची लांबी, त्याची वळणे, त्याचा शेवट हे सारे बाजूनेच नीट दिसते.

एम८७ ही रेडिओ दीर्घिका घ्या. हेबर कर्टिस यांनी १९१८ साली तिच्यातून निघालेल्या सरळ किरणाची, म्हणजेच झोताची, नोंद केली. ही दीर्घिका सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्या अतिऊर्जावान गॅमा किरणांची तीव्रता अवघ्या दोन-तीन दिवसांत बदलते, असे नामिबियातील हेस दुर्बिणींनी २००६ साली दाखवले. इतक्या झपाट्याने बदलणारा स्रोत लहानच असणार. पण तो झोतात नेमका कुठे? तेवढी बारीक नजर गॅमा दुर्बिणींना नाही. २००८ च्या उद्रेकावेळी अमेरिकेच्या व्हीएलबीए रेडिओ दुर्बिणींना दीर्घिकेचा गाभाच उजळताना दिसला. उद्रेकाचा माग गाभ्यातील कृष्णविवराच्या अगदी जवळ गेला, आणि तो लावला रेडिओने.

सेंटॉरस ए ही रेडिओ दीर्घिका मात्र वेगळेच सांगते. तिच्या झोतांनी फुगवलेले रेडिओ फुगे आकाशात सुमारे १० अंश पसरलेले आहेत, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाच्या वीसपट. तिच्याकडून फर्मीला मिळणाऱ्या गॅमा किरणांपैकी निम्म्याहून अधिक या फुग्यांतून येतात, हे २०१० साली कळले. महास्फोटापासून उरलेल्या सूक्ष्मतरंगांना तिथले वेगवान इलेक्ट्रॉन गॅमा किरणांच्या ऊर्जेपर्यंत नेतात. पुढे २०२० मध्ये हेसने तिच्या झोताच्या दिशेने हजारो प्रकाशवर्षे पसरलेला गॅमा प्रकाश दाखवला. हा प्रकाश देणारे एवढ्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन गाभ्यापासून तिथवरच्या प्रवासात टिकूच शकत नाहीत. म्हणजे त्यांना झोतातच पुन्हा वेग मिळतो. कसा मिळतो, यावर या सभागृहात जोरदार वाद व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता लडाखच्या हानले येथे भाभा अणुसंशोधन केंद्राची २१ मीटर व्यासाची मेस ही गॅमा दुर्बीण उभी आहे. जीएमआरटीची वेळ तर जगभरच्या संशोधकांना खुली आहे. तरुण मित्रांनो, या दोन्ही दुर्बिणींनी एकाच दीर्घिकेकडे एकाच वेळी पाहावे, असे प्रस्ताव इथून जाण्यापूर्वी आपसांत ठरवा आणि पाठवा.