'शारदे'च्या गावात प्रहसनाला मनाई?

गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' प्रथम रंगले ते आपल्या इंदुरात, १८९९ साली. पैशासाठी लेक विकणारा कांचनभट, दलालीवर जगणारा भद्रेश्वर दीक्षित आणि बाशिंगासाठी आसुसलेला म्हातारा भुजंगनाथ! देवलांनी या तिघांची यथेच्छ रेवडी उडवली, पण शारदेची टिंगल केली नाही. (१९२९च्या बालविवाह कायद्याला 'शारदा कायदा' म्हणतात, ते मात्र हरबिलास सारडांवरून.)

यंदा आपल्या मुलांनी हुंडा-मानपानावर प्रहसन बसवले आहे. 'घराण्यांची नाचक्की होईल, ते गाळा,' असे काही वडीलधारे म्हणतात. आम्ही म्हणतो, कुणाचे नाव येत असेल तर तेवढे गाळा, प्रहसन होऊ द्या. मुलीच्या बापाकडून मानपान घेतलेले आपण सारे पहिल्या रांगेत बसू.