‘स्मार्ट’ म्हणजे नेमकं काय?

(गणेशोत्सवातील भाषण)



मी काही भाषेचा पंडित नाही. डिप्लोमा करून राज्य शासनाच्या नोकरीत लागलेला साधा कर्मचारी. पण एक इंग्रजी शब्द कार्यालयात, घरात, बाजारात इतका कानांवर पडतो की आज तोच विषय घेतला आहे. शब्द आहे ‘स्मार्ट’.

केंद्र सरकारची स्मार्ट सिटी योजना २०१५ साली सुरू झाली आणि सप्टेंबर २०१६ च्या यादीत आपल्या उज्जैनचं नाव आलं. त्याच यादीत नाशिक, नागपूर आणि ठाणंही होतं. शहर स्मार्ट, फोन स्मार्ट, विजेचा मीटर स्मार्ट आणि लग्नासाठी सांगून आलेलं स्थळही स्मार्ट! या सगळ्यांचा अर्थ एकच आहे का?

नाही. इंग्लंडमध्ये ‘स्मार्ट’ म्हटलं की बरेचदा नीटनेटका पोशाख डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत तोच शब्द बुद्धीसाठी वापरतात. यंत्राच्या बाबतीत तो आपणहून माहिती घेणाऱ्या किंवा देणाऱ्या वस्तूला लावतात. स्मार्ट मीटर आपलं रीडिंग स्वतःच कळवतो. आणि आई मुलाला म्हणते, ‘जास्त स्मार्ट बनू नकोस’, तेव्हा अर्थ होतो आगाऊ. आपल्या ‘शहाणा’ शब्दाचंही असंच आहे. ‘शहाणं बाळ’ हे कौतुक, पण ‘फार शहाणा आहेस’ ही कानउघाडणी!

या शब्दाचं मूळ तर आणखी गमतीचं आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता दुखणं, झोंबणं. झोंबणारा तो तीक्ष्ण, तीक्ष्ण तो चपळ, चपळ तो हुशार, असा अर्थ सरकत गेला. आजही धुराने डोळे चुरचुरले की इंग्रजीत हेच क्रियापद वापरतात. आपली मराठीही याच वाटेने गेली आहे. जखम चुरचुरते आणि भाषण चुरचुरीत होतं. मिरची तिखट असते आणि एखाद्याचे कानही तिखट असतात.

मग अडचण कुठे आहे? आपण पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहतो. बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी आणि मराठी फक्त घरात. त्या घरातही एका ‘स्मार्ट’ने किती शब्द गिळले पाहा: हुशार, तल्लख, चुणचुणीत, तरतरीत, चलाख, टापटीप, धूर्त, आगाऊ. ‘मुलगा स्मार्ट आहे’ असं मध्यस्थाने सांगितलं, तर मुलीच्या वडिलांनी काय समजायचं? तो बुद्धिमान आहे, देखणा आहे, की नुसताच बोलघेवडा? शब्द गेला की नुसता शब्द जात नाही, माणूस पारखायची नजरही अंधूक होते.

याचा फटका मुलांना बसतो. प्रश्नमंजूषेत पटकन उत्तर देणाऱ्याला आपण स्मार्ट म्हणतो. पण कोणी न सांगता आजोबांना खुर्ची आणून देणारा, कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या घडी करणारा मुलगा? त्याला स्मार्ट म्हणायचं कोणाला सुचत नाही, आणि दुसरा शब्द आपण विसरत चाललो आहोत. तो शब्द आहे ‘समंजस’. दुसऱ्याची अडचण ज्याच्या मनाला चुरचुरते, तो समंजस. तसं पाहिलं तर ‘स्मार्ट’च्या मूळ अर्थाच्या जवळचा तोच!

इंग्रजी शब्दाशी माझं भांडण नाही. स्मार्ट फोनला स्मार्ट फोनच म्हणा. फक्त घरातल्या माणसाचं कौतुक करताना क्षणभर थांबा आणि नेमका मराठी शब्द शोधा. नातीला ‘चुणचुणीत’ म्हणा, नातवाला ‘समंजस’ म्हणा. त्याचा अर्थ त्यांनी विचारला, तर तो सांगण्यातच अर्धी मराठी शिकवून होईल.

गणपती बाप्पा मोरया!