गाव बदलतं, नाच बदलतो



परदेशातली एखादी नामांकित नृत्यसंस्था आपल्याकडे आली की दोन गोष्टी हमखास होतात. पडदा वर जाण्याआधी दोन देशांच्या मैत्रीवर भाषणं होतात, आणि मध्यंतरात चहा घेताना आपण एकमेकांना विचारतो, ‘काही कळलं का?’ भाषण करणाऱ्याला नर्तक म्हणजे देशाचे वकील वाटतात, आणि विचारणाऱ्याला वाटतं की नाचाचा अर्थ आधीच ठरलेला आहे, तो फक्त आपल्याला सापडत नाही. या दोन्ही समजुती बाजूला ठेवाव्यात, अशी विनंती करायला मी आज उभा आहे. त्यासाठी एकाच दौऱ्याची हकिगत सांगतो.

नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांची ‘मर्स कनिंगहॅम डान्स कंपनी’ १९५३ साली अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात उभी राहिली. संगीताची बाजू जॉन केज यांच्याकडे होती. पुढे नेपथ्य, वेशभूषा आणि प्रकाशयोजना चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग पाहू लागले. त्यांची रीत अशी की नाच वेगळा बसवायचा, संगीत वेगळं रचायचं, आणि दोघांची भेट थेट रंगमंचावर घडवायची. दोघांत ठरलेली असायची ती फक्त एकूण वेळ. समेवर मान डोलवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे अवघड वाटेल. पण त्यामुळे नर्तकाला ताल बाहेरून मिळत नाही, तो त्याला स्वतःच्या अंगात सांभाळावा लागतो.

मंडळी कायम तंगीत असत. १९५९ साली केज यांनी इटलीतल्या टीव्हीवरच्या एका प्रश्नमंजूषेत अळंब्यांविषयीच्या प्रश्नांची अचूक उत्तरं देऊन मोठं बक्षीस जिंकलं, आणि त्यातल्या काही पैशांतून संस्थेसाठी फोक्सवॅगनची छोटी बस घेतली. नर्तक, वादक आणि सामान असा सगळा संसार त्या बसमधून अमेरिकाभर हिंडायचा.

१९६४ च्या जूनमध्ये ही मंडळी जगाच्या दौऱ्यावर निघाली. जवळजवळ सहा महिने, युरोप आणि आशियातली तिसेक शहरं. त्याआधी, १९५५-५६ मध्ये, मार्था ग्रॅहम यांची नृत्यसंस्था अमेरिकी परराष्ट्र खात्यातर्फे आशियात येऊन गेली होती, भारतातही आली होती. शीतयुद्धाचे दिवस होते, आणि आपल्या देशाची संस्कृती जगाला दाखवणं हे त्या दौऱ्याचं उघड काम होतं. कनिंगहॅम यांच्या दौऱ्याचा भार मात्र मुख्यतः मित्र, चित्रकार आणि खासगी देणगीदार यांनी उचलला. देशाच्या वतीने बोलण्याची जबाबदारी अंगावर नसल्यामुळे जिथे जातील तिथलं काही नाचात येऊ देण्याची मोकळीक त्यांना होती.

‘स्टोरी’ हा त्यांचा १९६३ चा नाच याचा उत्तम नमुना आहे. त्याचं नेपथ्य बरोबर नेलेलंच नसायचं. राउशेनबर्ग त्या त्या थिएटरात पोचल्यावर विंगेत, तळघरात, आसपासच्या रस्त्यात जे हाताला लागेल त्यातून रंगमंच सजवायचे. इंग्लंडमधल्या डार्टिंग्टन हॉलला त्यांनी आणि त्यांचे सहायक ॲलेक्स हे यांनी मागच्या बाजूला चक्क शर्टांना इस्त्री करत उभं राहून नेपथ्याची जागा भरली. लंडनमध्ये नाच सुरू असताना ते रंगमंचावर चित्र रंगवत राहिले, आणि लागोपाठच्या प्रयोगांतून एक पूर्ण चित्र तयार झालं. म्हणजे नाव तेच, नर्तक तेच, पण गावागणिक नाच निराळा.

याहून बोलकी गोष्ट ‘विंटरब्रँच’ या नाचाची. कनिंगहॅम यांनी त्यात हाताळला तो एकच विषय, शरीराचं पडणं. काळे कपडे, डोळ्यांखाली काळे पट्टे. बहुतेक वेळ अंधार, आणि प्रकाशाचा झोत आलाच तर नर्तकावर पडेल याची खात्री नाही. अर्धा नाच नि:शब्द जातो आणि मग कानठळ्या बसवणारा आवाज सुरू होतो: आरशावर घासलेल्या ॲशट्रेचा, चिनी घंटेवर घासलेल्या लाकडाचा. कुणाचं तरी शरीर कोसळतं, कुणीतरी ते ओढत नेतं. कथानक नाही, पात्रं नाहीत.

कनिंगहॅम सांगत की या नाचात स्वीडनमधल्या प्रेक्षकांना वांशिक दंगली दिसल्या, जर्मनीत छळछावण्या दिसल्या, लंडनमध्ये बाँबहल्ल्यातलं शहर दिसलं आणि टोकियोत अणुबाँब. एका जहाजाच्या कप्तानाच्या पत्नीला तर सरळ जहाज फुटलेलं दिसलं. यातला कुणीही चुकलेला नव्हता. प्रत्येकाने आपल्या आयुष्यात, आपल्या गावात जे कोसळताना पाहिलं होतं, ते त्या अंधारात पाहिलं. माझ्या मते दौऱ्याचं खरं फळ हे आहे. घरच्या प्रेक्षकांसमोर या नाचाला एवढे अर्थ आले नसते. परक्या गावांनी ते त्याला दिले.

ऑक्टोबरात मंडळी भारतात आली. मुंबई, अहमदाबाद, चंदीगड, दिल्ली. अहमदाबादला यजमान होतं साराभाई कुटुंब, आणि या पाहुणचाराची मुळं अठरा वर्षं जुनी होती. १९४६ साली गीता साराभाई न्यूयॉर्कला पाश्चात्त्य संगीत शिकायला गेल्या तेव्हा केज यांनी त्यांना ते शिकवलं, आणि मोबदला म्हणून पैसे न घेता भारतीय संगीत शिकवा म्हणाले. संगीत कशासाठी, या प्रश्नावर गीताबाईंनी आपल्या गुरूंचं सांगणं केज यांच्या कानी घातलं: मन शांत व्हावं, दैवी गोष्टींसाठी ते उघडावं. केज यांनी हे जन्मभर उराशी धरलं. आनंद कुमारस्वामींच्या लेखनातून आपला रसविचारही केज आणि कनिंगहॅम या दोघांपर्यंत पोचला होता, आणि कनिंगहॅम यांचा १९५१ चा ‘सिक्स्टीन डान्सेस’ हा नाच आपल्या नऊ रसांवर उभा आहे. भारतात आलेल्या त्या पाहुण्यांच्या गाठोड्यात आपल्याच घरचं बरंच काही होतं. पुढे १९७५ मध्ये राउशेनबर्ग पुन्हा अहमदाबादला आले आणि गांधी आश्रमाच्या कागद कारखान्यात काम करून गेले.

१९६४ च्या त्या दौऱ्याची किंमतही मोजावी लागली. जूनमध्येच राउशेनबर्ग यांना व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात चित्रकलेचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, वर्तमानपत्रांचं लक्ष त्यांच्याकडे वळलं आणि आपापसांत ताण वाढला. दौरा संपता संपता ते संस्थेतून बाहेर पडले. स्टीव्ह पॅक्स्टनसारखे नर्तकही गेले, आणि पॅक्स्टन यांनीच १९७२ मध्ये ‘कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन’ ही नवी वाट काढली. राउशेनबर्ग मात्र १९७७ मध्ये कनिंगहॅम यांच्यासाठी पुन्हा नेपथ्य करायला आले.

आपल्याला हा विषय परका नाही. पुण्याच्या थिएटर अकादमीचं ‘घाशीराम कोतवाल’ १९८० साली युरोपात निघालं तेव्हा केवढा वाद झाला! परदेशी लोकांच्या मनात आपली काय प्रतिमा होईल, ही भीती त्यामागे होती. पण नाटक असो वा नाच, परदेशी जाणारी कलाकृती देशाचं ओळखपत्र घेऊन जात नसते. ती स्वतःचं काम घेऊन जाते, आणि समोरचा माणूस त्यात स्वतःचं काही घालतो.

म्हणून संयोजकांना माझं सांगणं आहे: परदेशी संस्था बोलावलीत तर एका संध्याकाळीच तिला निरोप देऊ नका. चार दिवस ठेवून घ्या. तिची आपल्या कथकच्या, लावणीच्या कलावंतांशी गाठ घालून द्या, एकमेकांकडून शिकू द्या. तिकीट सामान्य माणसाच्या आवाक्यात ठेवा. यातही कनिंगहॅम यांच्याच संस्थेचं उदाहरण समोर आहे. २००९ मध्ये कनिंगहॅम गेले, आणि त्यांच्याच इच्छेनुसार संस्थेने दोन वर्षांचा अखेरचा दौरा करून ३१ डिसेंबर २०११ ला न्यूयॉर्कमध्ये शेवटचा प्रयोग केला. त्याचं तिकीट सरसकट १० डॉलर होतं. जगद्विख्यात संस्थेला हे जमलं, तर आपल्या सभागृहांनाही जमवता येईल.

आणि तुम्हा प्रेक्षकांना एवढंच म्हणतो. पुढच्या वेळी मध्यंतरात ‘कळलं का?’ असं विचारू नका. ‘तुम्हाला काय दिसलं?’ असं विचारा, आणि शेजाऱ्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं निघालं तर ते नीट ऐकून घ्या. त्या पाहुण्यांना आपल्या गावाने काही द्यायचं असेल, तर ते या उत्तरांतूनच देता येईल.