नाव, वाट आणि तारीख
(रेडिओवरील भाषण)



बीड जिल्ह्यात उद्योग का येत नाहीत, हा प्रश्न आपल्याकडे चहाच्या टपरीपासून जिल्हा नियोजनाच्या बैठकीपर्यंत सगळीकडे विचारला जातो. पाणी कमी, बीड शहरापर्यंत रेल्वे नव्हती, मोठी बाजारपेठ लांब, अशी उत्तरे मिळतात आणि ती खरीच आहेत. पण आज मी अशा एका अडचणीबद्दल बोलणार आहे, जिच्यासाठी धरण बांधावे लागत नाही आणि लोहमार्गही टाकावा लागत नाही. ती अडचण आहे जमिनीच्या कागदाची आणि परवान्याच्या फायलीची. ती दूर करणे आपल्या हातात आहे.

उदाहरण आपल्या डोंगरातलेच घेऊ. बालाघाटच्या रांगांत सीताफळ आपसूक येते. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि अंबाजोगाईत सीताफळाचे संशोधन केंद्रही आहे. पण या फळाला थांबणे माहीत नाही. डोळे उघडले, खाचा पिवळसर झाल्या की फळ उतरवावे लागते. मग दोन-चार दिवसांत ते मऊ पडते. म्हणून नवरात्रापासून दिवाळीपर्यंत धारूरच्या, अंबाजोगाईच्या रस्त्याकडेला बाया टोपल्या घेऊन बसतात आणि संध्याकाळ व्हायच्या आत मिळेल त्या भावाने माल देऊन टाकतात. याच फळाचा गर काढून उणे तापमानात गोठवला, तर तो आईस्क्रीमवाल्यांना आणि मिठाईवाल्यांना वर्षभर विकता येतो. एक गोष्ट विशेष लक्षात घ्या. ज्या हंगामात सीताफळ उतरते, त्याच हंगामात आपले कोयते, म्हणजे मजुरांची जोडपी, गाडीत बसून ऊसतोडीला निघतात. फळ इथे नासते आणि हात परमुलखाला जातात. एका गावात गर काढण्याचे छोटे युनिट उभे राहिले, तर काही घरांची तरी दिवाळी फडात न होता घरी होईल.

आता समजा, धारूर तालुक्यातल्या एका तरुण जोडप्याने ठरवले की आपण असे युनिट काढायचे. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळते. बँक कर्ज देते. जागा घरचीच, वडिलोपार्जित. मग अडते कुठे?

बहुतेकांना वाटते, अकृषिक परवानगीत, म्हणजे एनएमध्ये. पण कायदा काय म्हणतो ते ऐका. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९९४ साली कलम ४४-अ घालण्यात आले. खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी, ठरलेल्या अटींत बसणाऱ्या जमिनीला आगाऊ अकृषिक परवानगीची गरज या कलमाने ठेवली नाही. वापर सुरू केला की ३० दिवसांत महसूल अधिकाऱ्यांना कळवायचे. म्हणजे सुलभतेची ही वाट कायद्याने तीस वर्षांपूर्वीच उघडली. पण त्या कलमाच्या अटींमध्ये दोन अटी अगदी मूलभूत आहेत. जमिनीवर निर्विवाद मालकी हवी आणि जमिनीपर्यंत जायला रीतसर रस्ता हवा. आपल्या जिल्ह्यात घोडे पेंड खाते ते नेमके इथे.

आधी मालकीचे पाहू. आपला सातबारा हातात घ्या. वर आजोबांचे नाव असते आणि आजोबांना जाऊन कित्येक वर्षे झालेली असतात. वारसाची नोंद नाही. चुलत्यांची नावे एकत्र, वाटणी फक्त तोंडी. बांधावर सगळ्यांना ठाऊक असते की कोणाचा तुकडा कोणता, पण बँकेच्या वकिलाला बांध दिसत नाही, त्याला कागद दिसतो. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा बोजा असतो. कर्ज फिटलेले असते, पण बोजा उतरवायचा राहिलेला असतो.

मराठवाड्याचा इतिहास या गुंत्यात आणखी भर घालतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्या काळच्या इनामी जमिनी, देवस्थानच्या जमिनी, खिदमतमाश, मदतमाश असे इनामांचे प्रकार, हे सगळे आजच्या नोंदींच्या तळाशी आहे. १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आला, १९५४ चा इनाम रद्द करणारा कायदा आला. त्यातून कित्येक जमिनी भोगवटादार वर्ग २ मध्ये राहिल्या. त्या विकायच्या किंवा त्यांचा वापर बदलायचा तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि प्रकरणानुसार नजराणा भरावा लागतो. खासरा पत्रक काढा, सेतवार काढा, जुनी उर्दू किंवा मोडीतली नोंद वाचून घ्या, असे करताकरता हंगाम निघून जातो.

दुसरी अट रस्त्याची. नकाशावर गाडीवाट असते, जागेवर ती नांगरून गेलेली असते. सीताफळाच्या युनिटला शीतगाडी यायची तर बैलगाडीची वाट पुरत नाही. शेतरस्ता किमान ३ ते ४ मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यावी, असा शासनाचा निर्णय २०२५ मध्ये झाला आहे. निर्णय चांगला आहे. पण तो गावात उतरतो मोजणीच्या दिवशी. भूकरमापक येतो, हल्ली रोव्हर यंत्र घेऊन येतो. उपग्रहाच्या आधाराने ते यंत्र हद्दीचा बिंदू झटकन दाखवते. पण त्या बिंदूवर खूण रोवायची तेव्हा शेजारी बांधावर उभा असतो. त्याला नोटीस वेळेत मिळाली असेल, त्याच्यासमोर नकाशा उलगडून दाखवला असेल, तर बहुधा तो सही करतो. नोटीस मिळालीच नसेल तर तो हरकत घेतो आणि पुढची वर्षे तारखांमध्ये जातात. यंत्र मोजणी जलद करते, पण वाद मिटतो तो शेजाऱ्याला विश्वासात घेतल्याने. म्हणून मोजणीची नोटीस घरपोच मिळणे आणि मोजणीनंतर नकाशाची ‘क’ प्रत ठरल्या दिवशी हातात पडणे, या दोन साध्या गोष्टींना मी फार मोल देतो.

जमिनीचा पेच केवळ लहान माणसालाच अडवतो असे नाही. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९५ साली मंजूर झाला. बीडकरांच्या पिढ्यांनी त्यासाठी आंदोलने केली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड ते अहिल्यानगर गाडी धावली, तेव्हा मंजुरीला तीस वर्षे झाली होती. सुरुवातीला साडेतीनशे कोटींच्या घरात असलेला खर्च दरम्यान ४,८०५ कोटींवर गेला. निधीची चणचण हे त्याचे एक कारण होते आणि भूसंपादन हे दुसरे. प्रत्यक्ष शासनाला जिथे इतके थांबावे लागते, तिथे दहा-वीस लाखांचे युनिट काढणाऱ्या तरुणाने किती काळ थांबावे?

हा अनुभव आपल्यापुरता नाही. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात अर्थतज्ज्ञ एर्नांदो दे सोतो यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात एक प्रयोग केला. राजधानी लिमाजवळ कपडे शिवण्याचे एक लहानसे युनिट रीतसर नोंदवायचे ठरवले. कार्यालयांचे उंबरे झिजवण्यात रोजचे तास घालवल्यावर नोंदणी पूर्ण व्हायला २८९ दिवस लागले. दे सोतो यांनी दाखवून दिले की गरिबांकडे जमीन आणि घर असते, पण त्यांचा निर्विवाद कागद नसल्यामुळे त्या मालमत्तेतून भांडवल उभे राहत नाही. धारूरच्या जोडप्याची कथा वेगळी नाही.

आणि श्रोतेहो, आता जे सांगतो ते मनापासून ऐकावे. कागद अडला की त्याच्याभोवती माणसे जमतात. “साहेबांना मी ओळखतो”, “तुमचे काम मी करून देतो”, असे सांगणारा मध्यस्थ तिथेच तयार होतो. आज तो टक्केवारी मागतो, उद्या दमदाटी करतो. परवानगी कधी मिळणार हे माहीत नसलेला उद्योजक त्याच्या हाती आयता सापडतो. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून निर्घृण हत्या करण्यात आली. पवनऊर्जा प्रकल्पाकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले, असे तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटले आहे. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. पण त्या घटनेने आपल्या सर्वांना हलवून सोडले. गुन्ह्याला आवर घालणे हे पोलिसांचे आणि न्यायालयांचे काम आहे, त्याला पर्याय नाही. मात्र जिथे फाईल ठरल्या तारखेला आपोआप पुढे सरकते, तिथे मध्यस्थाला उभे राहायला जागा उरत नाही. प्रक्रिया सोपी करण्याकडे मी म्हणूनच कायद्याचे राज्य मजबूत करण्याचे काम म्हणून पाहतो.

सोपी करणे म्हणजे शेतकऱ्याचे संरक्षण काढून घेणे असा अर्थ कोणी घेऊ नये. वर्ग २ च्या अटी दुबळ्याची जमीन सहजासहजी हातची जाऊ नये म्हणूनही घातलेल्या आहेत. फेरफाराची नोटीस लागल्यावर हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. तो हक्क आहे आणि तो राहिलाच पाहिजे. पवनचक्कीला किंवा सौर प्रकल्पाला जमीन भाड्याने देताना करार मराठीत वाचून दाखवला गेला पाहिजे, त्याची प्रत शेतकऱ्याच्या घरी राहिली पाहिजे आणि भाडे, मुदत, दरवर्षीची वाढ स्पष्ट लिहिलेली असली पाहिजे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरसाल ३ टक्के वाढ जाहीरच केलेली आहे. आकडा उघड असला की फसवणूक अवघड होते. शेतकऱ्याची संमती हा काही अडथळा नव्हे. तो उद्योगाचा पाया आहे, कारण मनापासून दिलेल्या जमिनीवर पुढे तंटा उभा राहत नाही.

मग करायचे काय? नवे कायदे फार लागत नाहीत, आहेत ते पाळायला हवेत. २०२३ साली राज्याने उद्योग, व्यापार व गुंतवणूक सुविधा कायदा केला. ‘मैत्री’ या नावाची एक खिडकी त्यातून कायद्याच्या आधारावर उभी राहिली. महावितरणची जोडणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र, बांधकामाचा नकाशा यांसाठी वेगवेगळे हेलपाटे पडू नयेत, हा तिचा हेतू आहे. ती खिडकी मुंबईत उघडली, आता तिचा उजेड धारूर, पाटोदा, शिरूर कासारपर्यंत पोहोचायला हवा. जिल्हा उद्योग केंद्रात अर्ज भरून देणारा, संगणकाची सवय नसलेल्या माणसाच्या शेजारी बसणारा एक जाणता कर्मचारी असला, तरी खूप फरक पडेल.

माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, अर्जातल्या त्रुटी एकदाच आणि सगळ्या एकत्र कळवाव्यात. आज एक कागद, पुढच्या आठवड्यात दुसरा, यात माणूस खचतो. दुसरी, प्रत्येक तालुक्यात मोजणी झालेल्या, मालकी स्पष्ट असलेल्या आणि रस्ता असलेल्या जागांची यादी तयार करून, मालकांच्या संमतीने ती जाहीर करावी. शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात शेंद्रा-बिडकीनला उद्योग येतात, त्याचे एक मोठे कारण म्हणजे तिथे जमीन आधी तयार होती, ग्राहक नंतर आला. तिसरी, जिल्हा उद्योग मित्र समितीपुढे आलेले प्रत्येक प्रकरण कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर आहे, हे सर्वांना दिसेल असे लावावे.

आपलीही काही कर्तव्ये आहेत. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो, तो काढून नीट वाचा. २०२५ मध्ये राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे ते काम आहे. आपल्या घरातली नोंद राहिली असेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. बहिणींची नावे टाळू नका. तो त्यांचा हक्क आहे, आणि टाळलेले नाव हीच पुढे सगळ्यात मोठी अडचण होऊन बसते. कोणताही अर्ज दिला की पोच घ्या. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिली आहे. मुदत टळली तर अपील करता येते आणि विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपील करणे म्हणजे कोणाशी वैर धरणे नव्हे. कायद्याने दिलेली ती रीत आहे.

श्रोतेहो, बीडच्या माणसाच्या कष्टाबद्दल कोणी शंका घेणार नाही. महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांची धुराडी याच मनगटांवर पेटतात. त्या मनगटांना गावातच काम मिळायचे असेल, तर सातबाऱ्यावर खऱ्या मालकाचे नाव हवे, जमिनीपर्यंत वाट हवी आणि फायलीवर तारीख हवी. एवढे झाले तर बाहेरचा गुंतवणूकदार येईलच, पण त्याच्या आधी आपल्याच गावातली पोरे उद्योजक होतील. तलाठी सज्जापासून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंतच्या प्रत्येकाने आणि तुम्ही-आम्ही खातेदारांनी येत्या सीताफळाच्या हंगामाआधी आपापल्या वाट्याचा एकेक अडलेला कागद मोकळा करावा, एवढीच माझी विनंती आहे.