हँडल तीस मिलिमीटर वर घेताना

आजचा विषय छोटा आहे आणि त्यातला आकडा त्याहून छोटा: ३० मिलिमीटर. मोटरसायकलचं हँडल एवढंच वर घ्यायचं ठरवलं, तर त्याच्यासोबत काय काय हलतं, आणि मग समोरचा स्पीडोमीटर कुठे बसवायचा, एवढंच आज बघू.

मी बेळगावचा, राहतो बेंगळुरूत. गावी गाडीने जायचं म्हणजे तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी असं करत सुमारे ५०० किलोमीटर. आणि इथे शहरात आउटर रिंग रोडवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासभर रांगायचं. रस्ते वेगळे, पण दुखणं एकच: मनगटं, खांदे आणि मानेच्या खालची जागा. अशा वेळी कोणीतरी हमखास सांगतं, ‘रायझर टाक ना!’

रायझर म्हणजे हँडल ज्या दोन क्लॅम्पमध्ये धरलेलं असतं, त्यांच्याखाली टाकायचे धातूचे ठोकळे. जे.सी. रोडला स्पेअर पार्ट्सच्या दुकानांतून फिरलात, तर वेगवेगळ्या उंचीचे मिळतात. किंमत फार नसते, बसवायला अर्धा तास लागतो असं वाटतं. खरं काम मात्र ठोकळे बसल्यावर सुरू होतं.

आधी बिनपैशाचा उपाय करून बघा. गाडी मेन स्टँडवर लावा, क्लॅम्प किंचित सैल करा आणि हँडल थोडं मागे फिरवून परत घट्ट करा. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर हाताच्या रेषेत आणा. बऱ्याच मनगटांचं दुखणं इथेच थांबतं. नाही थांबलं, तर गाडीवर बसा, डोळे मिटा, पाठ सैल सोडा आणि हात सहज जिथे येतील तिथे धरा. आता दुसऱ्या कोणाला तरी तळहातापासून ग्रिपपर्यंतचं अंतर टेपने मोजायला सांगा. त्या आकड्याएवढाच रायझर घ्या. मित्राने ५० मिलिमीटरचा टाकला म्हणून तुम्हालाही ५०चाच लागेल, असं नाही.

इथे एक गंमत लक्षात घ्या. पुढचा फोर्क सरळ उभा नसतो, तो चालवणाऱ्याकडे कललेला असतो. समजा कल २६ अंशांचा आहे. त्याच रेषेत ३० मिलिमीटरचा ठोकळा टाकला, तर हँडल सुमारे २७ मिलिमीटर वर येतं आणि १३ मिलिमीटर तुमच्याकडेही सरकतं. उंच माणसाला कधीकधी हे मागे येणंच नको असतं, तर बुटक्या माणसाला तेच हवं असतं. म्हणून दुकानात उंची विचारता तसं ‘हा सरळ आहे की मागे घेणारा?’ हेही विचारा.

आता मुख्य मुद्दा. हँडलला काय काय बांधलेलं असतं? क्लचची केबल, एक्सिलरेटरची केबल, पुढच्या ब्रेकचा पाइप, दोन्हीकडच्या स्विचच्या वायरी. कंपनीने या सगळ्यांची लांबी मूळ हँडलच्या उंचीसाठी ठरवलेली असते. सरळ उभ्या हँडलला सगळं पुरल्यासारखं दिसतं. पण हँडल पूर्ण डावीकडे किंवा पूर्ण उजवीकडे वळलं की यातलं काहीतरी ताणलं जातं.

माझ्या ओळखीच्या एका मुलाने असेच उंच रायझर बसवले. इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये त्याने हँडल पूर्ण वळवलं, तर हात न लावता इंजिनाचा आवाज चढला. एक्सिलरेटरची केबल ताणली जात होती. पार्किंगमध्ये कळलं म्हणून ठीक. हेच फ्लायओव्हरखालच्या यू-टर्नला, मागे बस असताना झालं असतं तर गाडी वळणातच पुढे उसळली असती.

म्हणून ही चाचणी चुकवू नका. गाडी मोकळ्या हवेत, न्यूट्रलमध्ये, मेन स्टँडवर चालू ठेवा. हँडल सावकाश पूर्ण डावीकडे न्या, मग पूर्ण उजवीकडे. आवाज जराही चढला, तर केबल आखूड पडतेय. क्लच लिव्हरला पूर्वीएवढाच मोकळा खेळ दोन्ही टोकांना आहे ना, ते बघा. ब्रेकचा पाइप कुठेही तारेसारखा ताठ होता कामा नये. तो ताठ होत असेल तर लांब पाइप घ्या, नवं तेल भरा आणि हवा पूर्ण काढून घ्या. ‘थोडं ओढून बसवू’ हे ब्रेकच्या बाबतीत चालत नाही.

बोल्टचंही तेच. रायझरबरोबर लांब बोल्ट येतात. जुना बोल्ट टीमध्ये, म्हणजे फोर्कच्या डोक्यावरच्या प्लेटमध्ये, जेवढा शिरत होता, तेवढा नवाही शिरला पाहिजे. ॲल्युमिनियममध्ये ८ मिलिमीटरचा बोल्ट असेल, तर निदान १२ मिलिमीटर आटे धरायला हवेत. किती घट्ट करायचं तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. टॉर्कचा पाना वापरा, आणि पहिल्या १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

आता मीटरकडे येऊ. बऱ्याच साध्या गाड्यांवर मीटर हँडलच्या पलीकडे असतो. जुन्या बुलेटमध्ये तर तो हेडलाइटच्या कवचातच बसवलेला असतो. हँडल वर आलं, मीटर तिथेच राहिला, की हँडलचा दांडा डायलच्या खालच्या भागावर येतो. तो भाग बघायला मान वाकवावी लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे बीएमटीसीची एक अख्खी बस आणि वर थोडं. तेवढा रस्ता न बघता गेला. मीटर हलवायचा तो या एका सेकंदासाठी, शोभेसाठी नाही.

हलवताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली, ब्रॅकेट लवचिक पत्र्याचा नको, आणि मीटर व ब्रॅकेटमध्ये रबराचे वायसर हवेत. नाहीतर इंजिनाची थरथर काट्याला आणि नाजूक भागांना मारते. दुसरी, केबलचा मीटर असेल तर केबल मोठ्या, सैल वळणाने न्या. घडी पडली की आतली तार अडकत फिरते, काटा नाचतो आणि एक दिवस तार तुटते. तिसरी, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रॅकेट टाकीला किंवा केबलला घासत नाही ना, ते बघा.

मीटरच बदलायचा असेल, तर तो कसा चालतो ते माहीत हवं. ऑटो शुल्झे या जर्मन माणसाने १९०२ मध्ये ज्या पद्धतीचं पेटंट घेतलं, तीच केबलच्या मीटरमध्ये आजही आहे. केबल एक लोहचुंबक फिरवते, त्याच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी वळू बघते, आणि एक बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. त्या ओढाताणीत काटा जिथे थांबतो, तो वेग. म्हणजे मीटरला रस्ता कळत नाही, फक्त केबलच्या फेऱ्या कळतात. समजा नवा मीटर किलोमीटरला १,४०० फेऱ्यांसाठी बनवलाय आणि तुमची गाडी त्याला १,००० फेऱ्याच देते. तर गाडी ७०ने जाताना काटा ५० दाखवेल. दुकानदाराला ‘बसेल का?’ असं विचारून भागत नाही, ‘कोणत्या गाडीचा, किती फेऱ्यांचा?’ असं विचारा. बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर मागे बसलेल्याला फोनमधला जीपीएसचा वेग वाचायला सांगा आणि ताडून बघा. मीटर किंचित जास्त दाखवत असेल तर चालेल, कमी दाखवणारा ठेवू नका.

आणि किलोमीटरचा हिशोब. नवा मीटर शून्यापासून सुरू होतो, गाडी होत नाही. जुन्या आकड्याचा फोटो काढा, तारखेचं बिल जपा, तो आकडा सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवा. गाडी विकताना घेणाऱ्याला हे स्वतःहून सांगा. न सांगणं ही फसवणूकच.

कायद्याचंही थोडं. गाडीवर स्पीडोमीटर असणं केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार सक्तीचं आहे, तो काढून नुसता फोन लावून चालत नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आपला बदल कुठल्या खात्यात मोडतो, ते आरटीओत आधी विचारून घ्या. वॉरंटीतली गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरलाही विचारा. मूळ बोल्ट, क्लॅम्प, मीटर पिशवीत घालून ठेवा, म्हणजे केव्हाही पूर्ववत करता येईल.

तर मंडळी, दुकानातून आणायचे दोन ठोकळे, पण तपासायच्या गोष्टी दहा. गॅरेजवाल्याने गाडी हातात दिली की लगेच किक मारू नका. त्याच्यासमोरच हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. दोन मिनिटं लागतात, आणि चांगल्या मेकॅनिकला त्याचा राग येत नाही. तुमच्या गाडीचं मॉडेल, तुमची उंची आणि मोजलेलं अंतर लिहून पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.